चनबसप्पाच्या दहा शिड्या

आमच्या सोलापुरात डोंगर नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलेला माणूस आहे मी. जे नाही ते नाही म्हणून सांगायची मला सवय आहे. लोक विचारायचे, "गाडी हाय का?" मी म्हणायचो, "न्हाय." त्यातच माझी नोकरी झाली. तर डोंगर नाही. गच्चीवर उभं राहिलं की चारी दिशांना सपाट, मधे पाण्याच्या टाक्या आणि वर ऊन. अशा गावात राहून माझा मेव्हणा चनबसप्पा म्हमाणे डोंगरकडे चढणाऱ्यांच्या शिड्या शिवतो आणि त्या शिड्यांवरून पुण्या-मुंबईची पोरं सह्याद्रीत लटकतात. तो स्वतः स्टुलावर चढून बल्बसुद्धा बदलत नाही. बल्ब त्याची बायको शांतम्मा बदलते.

धंदा मुळात नवारीचा. नवार म्हणजे लोखंडी खाटेला विणतात ती चार बोटं रुंद पट्टी. चनबसप्पाच्या वडिलांनी शेडात चार अरुंद माग टाकले होते आणि निम्म्या शहराला त्यांनी झोपवलं होतं. मग प्लायवूडचे दिवाण आले, नवार गेली, तीन माग भंगारात गेले. चौथ्यापुढं चनबसप्पा बसून राहिला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचा कंटाळा होता. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

बारा वर्षांपूर्वी अक्कलकोटला दर्शनाला आलेला पुण्याचा एक गिर्यारोहक विचारत विचारत त्या शेडात पोचला. त्याच्या पिशवीत एक परदेशी शिडी होती. लाकडाची नव्हे, नायलॉनच्या पट्टीची. वर अडकवायला एक कडी आणि खाली एकाखाली एक अशा पाच पायऱ्या शिवलेल्या, पाय घालून उभं राहण्यापुरत्या. त्यातली एक उसवली होती. चनबसप्पानं ती ओढून पाहिली, उलटी केली आणि म्हणाला, "ही शिलाईच बाद हाय की." दोन दिवसांत त्यानं चौथ्या मागावर नायलॉनची पट्टी विणून नवी शिडी शिवून दिली. प्रत्येक जोडावर चौकोन, चौकोनात फुली, तीही दुहेरी. तो माणूस ती घेऊन कुठल्याशा कड्यावर गेला, जिवंत परत आला आणि त्यानं चार जणांना सांगितलं. धंदा असा सुरू झाला. पहिली तीन वर्षं चनबसप्पाचा समज होता की ही माणसं मोबाइलचे टॉवर दुरुस्त करतात. रविवारीच का करतात, एवढंच त्याला कळत नव्हतं.

आता तपासणीचं ऐका. शेडाच्या तुळईला एक आकडा आहे. त्याला नवी शिडी अडकवायची आणि शांतम्मानं पाचही पायऱ्यांवर एकेक करून उभं राहायचं. शांतम्मा अठ्ठ्याहत्तर किलो, चनबसप्पा सत्तेचाळीस. "तुमच्या वजनानं काय कळतंय? तुमी म्हंजे वाळत घातल्याला टॉवेल," असं ती म्हणते आणि त्यात खोटं काही नाही. ती अक्कलकोटच्या पलीकडची. बोलते मराठी, पण मोजते कानडीत. प्रत्येक पायरीवर उभी राहून ओंदु, एरडु, मूरु अशी सुरुवात करते आणि हत्तुला उतरते. हत्तु म्हणजे दहा. दहा झाले की पायरी पास. पाची पायऱ्या पास झाल्या की चनबसप्पा शिडीच्या टोकाला लाल दोऱ्याचा एक टाका घालतो. गिऱ्हाइकांना वाटतं ती नक्षी आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी घरात फक्त मला, शांतम्माला आणि माझ्या बायकोला, म्हणजे चनबसप्पाच्या थोरल्या बहिणीला, ठाऊक होती. त्याला उंचीची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. जुळे सोलापूर भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो येतो, पण बाल्कनीकडं पाठ करून बसतो. बारा वर्षांत शेकड्यांनी शिड्या शिवल्या आणि एकीवरही पाय ठेवला नाही. आणि या माणसाची आयुष्यातली एकुलती एक इच्छा काय, तर कड्याला लावलेल्या आपल्या शिडीवर एकदा उभं राहायचं. शेडातल्या तुळईला लावलेल्या नव्हे, कड्याला. मी म्हटलं, "अरे, तू स्टुलावर उभा राहत नाहीस, कड्यावर काय राहणार?"

तो म्हणाला, "स्टूल मी शिवल्यालं न्हाय, दाजी."



ऋतुजा आमच्याच कॉलनीतली. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करते आणि सुट्टीला कडे चढते. तिच्या आईवडिलांनी आता त्यावरून तिला बोलणं सोडलंय. तिची आजी अक्कलकोटची. त्या आजीनं तिला कानडी शिकवायला घेतलं आणि एक ते दहापर्यंत आल्यावर आजी गेली, त्यामुळं पोरीचं कानडी दहावर थांबलेलं आहे. पण तेवढं ती हौसेनं वापरते. शेडात आली की शांतम्माच्या बरोबरीनं मोजते आणि हत्तुला टाळी वाजवते.

यंदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात ती आली, बरोबर तिचा चढाईतला जोडीदार अजिंक्य. दोघांनी आडवा कडा चढायचा ठरवला होता. नाव आडवा, उभा मात्र बाराशे फूट. वर जायला दोन दिवस, मधे कड्यालाच लटकून झोपायचं. ऋतुजा म्हणाली, "काका, तुमच्या शिड्या नेल्या तर तुम्ही पायथ्याला यायचं. अन् तुमच्या शिडीवर तुम्ही उभं राहायचं. खाली दोर मी धरते."

त्या दिवशी चनबसप्पानं भाकरी कोरडीच खाल्ली, शेंगाचटणी ताटात असून. शांतम्मानं मला फोन करून सांगितलं म्हणून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

इथं माझी एक चूक झाली, ती कबूल करतो. मी फ्लेक्स छापला. मेव्हण्याचं कौतुक, दुसरं काही नाही. 'सोलापूरचे साहसवीर श्री. चनबसप्पा यांची आडव्या कड्यावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो त्याच्या लग्नातला, कोटातला. फ्लेक्सवाल्याकडं डोंगर एकच होता आणि त्यावर बर्फ होतं. परिणाम असा झाला की दोन दिवसांत अख्खी गल्ली 'चनबसप्पा एव्हरेस्टला चालला' म्हणू लागली. कोपऱ्यावर मंडप टाकून सत्कार झाला, शाल-नारळ झाला. कॉलनीच्या अध्यक्षांनी भाषणात "वरती पोचल्यावर आपल्या वॉर्डाचं नाव घ्यावं" अशी विनंती केली. स्टेज अडीच फूट उंच होतं. चनबसप्पा त्यावर डोळे मिटून बसला होता आणि लोक म्हणत होते, बघा, काय नम्र माणूस.

मी ज्याकडं लक्ष दिलं नाही तो ऋतुजाच्या वाक्यातला 'तर'. शिड्या नेल्या तर.

कडा चढायचे दोन प्रकार असतात असं मला अजिंक्यनं समजावलं. एक मोकळी चढाई. दोर फक्त पडलात तर झेलायला. चढायचं आपल्या हातापायांनी. दुसरी आधाराची चढाई. भेगेत खिळा ठोकायचा, कपारीत आकडा अडकवायचा, त्याला शिडी टांगायची आणि तिच्यावर उभं राहून पुढचा खिळा ठोकायचा. आधाराची चढाई हे शब्द ऐकून चनबसप्पानं विचारलं होतं, "वरिजिनल लागतंय का झेरॉक्स चालतंय?" त्याचं आधार कार्ड तेव्हापासून खिशात होतं.

तर भांडण असं होतं. आडव्या कड्याच्या मधोमध, सातशे फुटांवर, साठ फुटांचा गुळगुळीत पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी दगडाचा छज्जा बाहेर आलेला. अजिंक्यचं म्हणणं, खिळे, आकडे, शिड्या मिळून चौदा किलोची पिशवी होते. ती दोन दिवस दोरानं वर ओढायची म्हणजे तेवढं पाणी कमी न्यायचं. शिवाय शिडी बरोबर असली की हात शिडीकडंच जातो आणि मग चढलो म्हणायचं कशाला? ऋतुजाचं म्हणणं, पट्टा नाही जमला आणि शिडी नसली तर सातशे फुटांवर बसून काय करायचं, भजन? दोघं पुण्याला परत गेले तरी भांडत होते. आणि इकडं चनबसप्पा रोज संध्याकाळी मला फोन करून विचारत होता, "दाजी, ठरलं का वो?"

"न्हाय," मी सांगायचो.

रविवारी सकाळी मी शेडात चहाला बसलो होतो. वीज गेलेली, माग बंद. ऋतुजाचा फोन आला. चनबसप्पानं स्पीकर लावला. ती म्हणाली, "काका, आमचं काही ठरेना. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की तुम्हाला विचारायचं. शिड्या तुम्ही बनवता, तुमचा शब्द शेवटचा. आम्ही नुसतं चढावं की दोन शिड्या घ्याव्यात?"

बघा काय वेळ आली. त्यानं फक्त 'घ्या' म्हणायचं होतं. फ्लेक्स लागलेला, सत्कार झालेला, आयुष्यभराची इच्छा तोंडासमोर. शांतम्मा चुलीपुढून हातानं खुणा करत होती, घ्या म्हणा, घ्या म्हणा. चनबसप्पानं फोनकडं पाहिलं, मग तुळईच्या आकड्याकडं पाहिलं. मनातलं खरं बोलायची वेळ आली की त्याची मराठी सुटते आणि कानडी येते. तशी आली. तो म्हणाला, "हत्तु."

"काय काका?"

"हत्तु, हत्तु!"

तेवढ्यात वीज आली, माग दणादणा सुरू झाला आणि फोन कटला.

आता हे समजून घ्या. कानडीत हत्तु म्हणजे दहा आणि हत्तु म्हणजेच चढ. धाकट्याला सांगायचं तर हत्तु, थोरल्याला मान देऊन सांगायचं तर हत्तरी. आकड्याला मात्र मान लागत नाही, तो कायम हत्तुच. चनबसप्पानं पोरीला सांगितलं होतं, चढ. शिड्या नकोत, तू नुसती चढ. मला ते त्याच क्षणी कळलं. माग बंद करून मी विचारलं, "का रे? का म्हणालास असं?"

"ती पोरगी चढती, दाजी. मी बघितलंय व्हिडिओत. तिला शिडी कशाला पायजे?" मग खाली बघत म्हणाला, "आन् मलाबी भ्या वाटलं की."

त्यातलं किती पोरीसाठी आणि किती भीतीपोटी, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मला वाटतं त्यालाही कळलं नसावं. शांतम्मा दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

दुपारी ऋतुजाचा मेसेज आला. 'काका, दहा??? ठीक आहे. तुम्ही सांगताय म्हणजे विचार करूनच सांगत असणार. अजिंक्य म्हणतोय दोनदा दहा म्हणालात म्हणजे वीस, पण मी दहा धरते. शनिवारी सकाळी पोचायचं. तुम्ही येताय!'

एक ते दहापर्यंतच्या कानडीत चढायचा शब्द नव्हता. होता तो दहाच्या जागी होता.

पुढं पुण्यात काय झालं ते मला नंतर कळलं. एका माणसाला चढायला शिड्या लागतात दोन. दुसरा दोरानं मागून येतो, म्हणजे दोघांत मिळून दोन पुरतात. पण बारा वर्षं शिड्या शिवणारा माणूस ठासून दहा म्हणतो, म्हणजे त्याला त्या पट्ट्याबद्दल काहीतरी भयंकर ठाऊक असणार. अजिंक्य, जो एक खिळा न्यायला तयार नव्हता, तो रात्रभर विचार करून चाळीस खिळे घेऊन आला. जादा दोर आला. कुणा जाणकाराला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "सोलापूरचे म्हमाणे दहा म्हणाले? मग बाबांनो, जपून."

मी चनबसप्पाला म्हटलं, "फोन कर आणि सांग, मी दहा म्हटलं नाही."

"सांगू कसं? ती 'ठीक हाय' म्हनली की. ठीक हाय म्हनल्यावर मानसाला परत कसं विचारायचं?"

"मग मी सांगतो."

"दाजी, तुमी फ्लेक्स लावलाय," तो म्हणाला, आणि मी कात्री हातात घेतली.

शेडात तयार शिड्या होत्या चार. उरलेल्या सहा पाच दिवसांत शिवायच्या. चनबसप्पा मागावर, मी कात्रीवर, आणि शांतम्मा तपासणीला. सहा शिड्या, तीस पायऱ्या, प्रत्येक पायरीला दहापर्यंत मोजणी. तिसऱ्या दिवशी शांतम्माचा घसा बसला आणि ती बोटांवर मोजू लागली. तरी हत्तु ती तोंडानंच म्हणायची. बोटांनी केलेलं हत्तु पास धरता येणार नाही, असं तिचं मत होतं. गुरुवारी संध्याकाळी दहाव्या शिडीला लाल टाका पडला आणि शांतम्मानं जाहीर केलं की मीपण येणार. "माझ्या सह्या हायत त्या शिड्यांवर," ती म्हणाली.

शुक्रवारी माझ्या जुन्या ओम्नीतून आम्ही निघालो. मागं दहा शिड्या, कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणीचा डबा आणि आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स. पायथ्याच्या गावात शनिवारी सकाळी पोचलो. मी पहिल्यांदा आडवा कडा बघितला आणि त्याला नाव देणाऱ्याच्या डोक्याची मला शंका आली. चनबसप्पानं मान वर केली, पायांनी मातीत आधार शोधला आणि लगेच कड्याकडं पाठ केली. पुढचे दोन दिवस त्याचं तोंड सोलापूरच्या दिशेलाच होतं.

ऋतुजा आणि अजिंक्य सामान मांडून बसले होते. अजिंक्यनं दहा शिड्या एका रांगेत अंथरल्या, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "काका, न्यायच्या तर नेऊ. ओढून हात मोडले तरी नेऊ. फक्त एवढं सांगा, दहा कशाला? पट्ट्यात असं आहे तरी काय?"

सगळे चनबसप्पाकडं बघू लागले. मी मनात म्हटलं, काहीही सांग. दगडावर पट्टी घासते म्हण, जादा असाव्यात म्हण. सगळं निभावलं असतं. शिड्या जाणार होत्या, तो शिडीवर उभा राहणार होता, घरी फ्लेक्स खरा ठरणार होता. चनबसप्पानं अंथरलेल्या शिड्यांकडं पाहिलं. मग त्या दोघांच्या हातांकडं पाहिलं, ज्यांनी ते ओझं सातशे फूट ओढायचं होतं.

"मी दहा म्हनलोच न्हाय," तो म्हणाला. "मी चढ म्हनलो. हत्तु म्हंजे चढ. शिड्या नगंत, नुसतं चढ, असं म्हनलो हुतो मी. चुकलं माझं. तवाच सांगाया पायजे हुतं."

पहिल्यांदा शांतम्मा बोलली, बसलेल्या घशानं. "म्हंजे मी तीनशे मोजले ते कशाला वो?"

ऋतुजा जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. अजिंक्य हसला नाही. तो कड्याकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हा सगळ्या शिड्या गाडीत टाकायला सांगणार. त्याचं तर आधीपासून तेच म्हणणं होतं. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या मते मी शिडीशिवाय चढेन?"

"व्हय," चनबसप्पा म्हणाला.

"नक्की?"

"व्हय की."

अजिंक्यचा चेहरा उतरला. कुणी विरोध करत होतं तोवर त्याला मोकळी चढाई हवी होती. आता परवानगी मिळाल्यावर त्याला तो साठ फुटांचा पट्टा दिसायला लागला असावा. चौकशीच्या खिडकीवर मी हे पुष्कळ पाहिलंय. गाडी नाही म्हटलं की माणूस भांडतो, आणि लागली आहे म्हटलं की त्याला आठवतं आपल्याला जायचंच नव्हतं. अजिंक्य वाकला आणि त्यानं रांगेतल्या दोन शिड्या उचलून पिशवीत कोंबल्या. दहा-बारा खिळेही टाकले. "असू दे," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. ठरलं ते असं. उरलेल्या आठ शिड्या शांतम्मानं घडी घालून उशाला घेतल्या.

दोन दिवस मी दुर्बीण घेऊन बसलो आणि चनबसप्पा पाठ करून बसला.

"कुटं आलेत, दाजी?"

"पट्ट्याच्या खाली."

"शिडी काढली का?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पट्ट्यात शिरले. अजिंक्य पुढं. एक एक बोट चाचपत चालला होता. पट्ट्याच्या शेवटी ते छज्ज्याच्या पोटात गेले आणि दिसेनासे झाले. वीस मिनिटं मी नुसता दगड बघत होतो. चनबसप्पा विचारत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर दिलं, "माहीत नाही." मग छज्ज्याच्या वर एक लाल टोपी दिसली, थोड्या वेळानं दुसरी. शांतम्मानं हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या घळीतून चालत उतरले, ओठ फुटलेले, बोटांना चिकटपट्ट्या. पिशवी टाकल्याबरोबर शांतम्मानं त्यातल्या दोन शिड्या काढल्या आणि उन्हात धरून पायरी-पायरी तपासल्या. पहिली कोरी. दुसरीच्या तिसऱ्या पायरीवर काळा डाग. बुटाच्या रबराचा, एकाच पायाचा.

"हिच्यावर कोन हुबं ऱ्हायलं?" शांतम्मानं विचारलं.

"मी नाही," अजिंक्य म्हणाला.

"मी पण नाही," ऋतुजा म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनी पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावल्या. सातशे फुटांवर तिसरं कुणी नव्हतं. शांतम्मा पुढं विचारणार होती, पण चनबसप्पानं तिच्या हातातून शिडी घेतली, त्या डागावरून अंगठा फिरवला, शिलाई ओढून पाहिली. चौकोन जागच्या जागी होता, फुलीही. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. माझा मेव्हणा एवढा सुखी मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता, आणि मला भरून आलं. हे मी लपवत नाही.

ऋतुजानं बाटली खाली ठेवली. "काका, शिड्या नेल्या तर, असं ठरलं होतं. नेल्या. आता तुमची पाळी."

अजिंक्यनं कड्याच्या पायाशी दहा-बारा फूट उंचीवर दोर बसवला आणि ती डागवाली शिडी टांगली. चनबसप्पाच्या कमरेला पट्टा बांधला. त्यानं खिशातून आधार कार्ड काढून माझ्याकडं दिलं. मी ते का घेतलं कोण जाणे, पण घेतलं. तो कड्याकडं तोंड करून उभा राहिला, दोन दिवसांत पहिल्यांदा. डोळे मिटले, चाचपून पहिल्या पायरीत पाय घातला आणि अंग वर उचललं. पाय जमिनीपासून दोन फूट सुटले. शिडी थरथरत होती, म्हणजे तोच थरथरत होता.

शांतम्मानं घसा खाकरला आणि तपासणी सुरू केली. "ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. ऐदु." चनबसप्पाचे ओठ बरोबरीनं हलत होते. "आरु. एळु. एंटु. ओंबत्तु. हत्तु."

बारा वर्षं शेडात हत्तु म्हणजे उतरायचं. चनबसप्पानं डोळे उघडले आणि दुसरा पाय वरच्या पायरीत घातला.

"अहो! दहा म्हनले मी! दहा झाले!" शांतम्मा ओरडली.

तो थांबला. मान वळवून त्यानं खाली तिच्याकडं पाहिलं, इतक्या उंचीवरून आयुष्यात पहिल्यांदा. चेहरा पांढरा पडलेला, पण हात सुटले नव्हते. ऋतुजानं दोर ताणून धरला. उतर म्हटलं असतं तर तो उतरला असता, आणि परत कधी चढला नसता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. शांतम्मा एक पाऊल पुढं गेली, पदर खोचला आणि बसलेल्या घशानं, पण स्वच्छ ऐकू येईल असं म्हणाली,

"हत्तरी."

याचा अर्थ दहा होत नाही. चनबसप्पा चढला.